सोमवार कधी उजाडणार?

परवा एक गृहस्थ दवाखान्यात आले. वय पन्नाशीच्या आतबाहेर, घर पनवेलला, नोकरी मुंबईत फोर्टमध्ये. पहाटे साडेचारला उठायचे, पनवेलहून लोकल पकडायची, सव्वा तास गाडीत काढायचा आणि रात्री आठ-साडेआठला परतायचे, असा गेली बावीस वर्षे त्यांचा क्रम. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत कागदांची सुरळी. सर्वांत वरचा कागद पावणेदोन वर्षांपूर्वीचा होता. ऑफिसातल्या शिबिरात केलेल्या रक्ततपासणीचा. उपाशीपोटी साखर १८२.

"मग इतके दिवस काय केलंत?" मी विचारले.

"डॉक्टर, खरं सांगू? दर रविवारी रात्री ठरवत होतो. उद्या सोमवार. उद्यापासून सकाळी चालायचं, चहातली साखर बंद, आणि एकदा तुमच्याकडे येऊन जायचं. पण तो सोमवार काही उजाडला नाही."

आणि आज ते का आले होते? आदल्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन त्यांनी चपला काढल्या, तेव्हा लादीवर रक्ताचे डाग उमटले. चपलेत एक अणकुचीदार खडा अडकला होता. तो दिवसभर अंगठ्याखाली टोचत होता आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. वाढलेल्या साखरेने पायांच्या नसा बधिर करून टाकल्या होत्या.

"मला सगळं कळतं हो," ते खाली मान घालून म्हणाले, "पण वळत नाही."

वाचकहो, हे वाक्य आपल्या भाषेत इतके रुळले आहे की त्याची म्हणच झाली आहे. कोणाचे वजन, कोणाची तंबाखू, कोणाचा रक्तदाब, कोणाची दारू, कोणाची तपासायची राहून गेलेली गाठ. कळते सगळ्यांना, वळत नाही. हे का होते आणि त्यावर उपाय काय, याचा आज थोडा विचार करू.

हा आळस नव्हे

घरच्या मंडळींनी या गृहस्थांवर एक शिक्का मारून ठेवला होता: आळशी. आता तुम्हीच सांगा, जो माणूस बावीस वर्षे पहाटे साडेचारला उठतो, भर पावसात रूळ पाण्याखाली गेले तरी कामावर जायला निघतो, त्याला आळशी म्हणता येईल का?

चालढकल ही आळसाहून वेगळी गोष्ट आहे. आळशी माणसाला काही करायचेच नसते आणि त्याचे त्याला दुःखही नसते. चालढकल करणाऱ्याला मात्र काम करायचे असते, ते केले नाही तर आपलेच नुकसान आहे हे ठाऊक असते, तरीही तो ते पुढे ढकलतो आणि मनातल्या मनात कुढत राहतो. म्हणजे कामही होत नाही आणि आरामही मिळत नाही.

मग तो टाळतो तरी काय? या विषयाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ फ्यूशा सिरॉइस आणि टिमोथी पिचिल यांनी २०१३ साली मांडले की, माणूस काम टाळत नाही, त्या कामाबरोबर येणारी नकोशी भावना टाळतो. आपल्या गृहस्थांचेच पाहा. तो रिपोर्ट हातात घेतला की छातीत धस्स व्हायचे. वडिलांना मधुमेह होता, त्यांचे अखेरचे दिवस डोळ्यांपुढे यायचे. मग ते कागद कपाटात साड्यांच्या खाली सरकवून द्यायचे. कपाट बंद झाले की लगेच बरे वाटायचे.

ते "बरे वाटणे" हीच खरी मेख आहे. टाळल्याबरोबर मनाला सुटका मिळते. सुटका हे बक्षीसच. ज्या गोष्टीला बक्षीस मिळते ती गोष्ट मन पुन्हा करते. असे दहा-वीस वेळा झाले की टाळण्याचीच सवय जडते. दरम्यान रक्तातली साखर मात्र कपाटात बंद होत नाही. ती आपले काम रोज करीत राहते.

सोमवारची जादू

"सोमवारपासून", "एक तारखेपासून", "पाडव्यापासून" हे शब्द आपण सर्वांनीच वापरलेले आहेत. त्यात काही तथ्य नाही असे नाही. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेंगचेन दाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांना असे आढळले की आठवड्याच्या, महिन्याच्या आणि वर्षाच्या आरंभी व्यायामशाळेत जाणाऱ्यांची संख्या खरोखरच वाढते. नवी पाटी मिळाली की जुन्या चुका मागे पडल्यासारखे वाटते आणि हुरूप येतो.

पण नवी पाटी मिळाली म्हणून अक्षर सुधारत नाही. १ जानेवारीला सकाळी आपल्या वडाळे तलावाकाठी एक फेरी मारून या. नवे बूट, नव्या टोप्या दिसतील. १५ फेब्रुवारीला पुन्हा एक फेरी मारा. फरक तुमच्या लक्षात येईल.

शिवाय सोमवारचा एक छुपा तोटा आहे. "सोमवारपासून करीन" असे म्हटले की शनिवार-रविवार मोकळे सुटतात. "आता काय, परवापासून बंदच करायचंय" म्हणून जिलेबीचा एक जादा वेढा पोटात जातो. ठरवल्याचे समाधान आजच मिळते आणि करण्याचे कष्ट उद्यावर जातात. उधारीवरचे हे समाधान फार महागात पडते.

बदलाच्या पाच पायऱ्या

माणूस एका रात्रीत बदलत नाही. जेम्स प्रोचास्का आणि कार्लो डिक्लेमेंटे या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी स्वतःच्या प्रयत्नाने सिगारेट सोडू पाहणाऱ्यांचा अभ्यास करून १९८३ साली बदलाच्या पायऱ्या मांडल्या. पुढे त्यांत थोडे फेरफार झाले. साधारणपणे पाच पायऱ्या सांगितल्या जातात.

पहिल्या पायरीवरचा माणूस म्हणतो, "मला काही झालेलं नाही." दुसरीवरचा म्हणतो, "सोडायला हवं खरं, पण..." तिसरीवरचा तयारीला लागतो, चौकशी करतो, दिवस ठरवतो. चौथीवर प्रत्यक्ष कृती सुरू होते. पाचवी पायरी ती कृती टिकवण्याची. यातून घसरून पुन्हा खाली येणे हे अगदी नेहमीचे. बहुतेकांना दोन-चार वेळा चढ-उतार करावीच लागते.

आपली बहुतेकांची गाडी अडते ती दुसऱ्या पायरीवर. "सोडायला हवं खरं, पण..." या "पण"वर माणसे दहा-दहा वर्षे बसून राहतात. तंबाखूच्या बाबतीत तर हे फार दिसते. २०१६-१७ सालच्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी शंभरातले जवळजवळ सत्तावीस जण कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करताना आढळले. यातल्या कोणालाही विचारा, तंबाखू वाईट हे त्याला कोणी नव्याने सांगावे लागत नाही.

इथे घरच्या मंडळींना एक विनंती. दुसऱ्या पायरीवरच्या माणसाला ओरडून, टोमणे मारून पुढे ढकलता येत नाही. "अहो, किती वेळा सांगायचं तुम्हाला? मुलांचा तरी विचार करा!" असे म्हटले की समोरचा आपोआप स्वतःचा बचाव करू लागतो. "आमचे आजोबा नव्वद वर्षं तंबाखू खाऊन जगले," असे म्हणतो. जितके तो बोलतो तितके ते त्याचे त्यालाच पटत जाते. विल्यम मिलर यांनी १९८३ सालापासून दारूच्या व्यसनींशी बोलण्याची जी पद्धत घडवली, तिचे सार हेच की बदलाची कारणे त्या माणसाच्या स्वतःच्या तोंडून यायला हवीत. म्हणून उपदेश कमी करा आणि विचारा: "बाबा, तुम्हाला स्वतःला याचा कधी त्रास वाटतो का?" "सोडलीत तर पहिलं काय बरं होईल?" आणि मग गप्प बसून ऐका. गप्प बसणे सर्वांत अवघड, पण औषध तेच.

हुरूप मागाहून येतो

"डॉक्टर, इच्छाच होत नाही. आतून वाटलं पाहिजे ना!" ही तक्रार नेहमीची. आपली अशी समजूत असते की आधी हुरूप येतो आणि मग हातून काम होते. प्रत्यक्षात बरेचदा उलटे घडते. आधी हात हलतात, मग मन हलते.

आपल्या भागातला भातशेती करणारा शेतकरी बघा. राब भाजायचा तो फाल्गुन-चैत्राच्या उन्हात. पाऊस तेव्हा दूर असतो. अंगाची लाही होत असते, हुरूप कुठून येणार? पण तो मनात आले की राब भाजीन असे म्हणत नाही. वेळ झाली की कामाला लागतो. त्याचे बीज मृगाच्या सरीला तयार असते ते त्यामुळे.

अल्बर्ट एलिस या मानसोपचारतज्ज्ञाचे उदाहरण फार बोलके आहे. कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे एलिस आणि त्यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी वाचकांच्या परिचयाची आहे. एलिस एकोणीस वर्षांचे असताना त्यांना मुलींशी बोलण्याची जबर भीती वाटे. भीती गेली की बोलू, असे म्हणत वर्षे गेली. शेवटी न्यूयॉर्कच्या एका मोठ्या बागेत महिनाभर जायचे आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की एका मिनिटाच्या आत तिच्याशी बोलायला सुरुवात करायची, असा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला. महिन्याभरात ते सुमारे शंभरजणींशी बोलले. भेटायला येते असे फक्त एकीने सांगितले, आणि तीही आली नाही! पण कोणी मारले नाही, कोणी पोलीस बोलावले नाहीत, आभाळ कोसळले नाही. भीती मात्र कायमची गेली. ती गेली कृतीने.

याच एलिस यांना चाळिशीत मधुमेह निघाला. गोड खाणे त्यांना आवडत नव्हते असे नाही. पण "मला हे आवडत नाही, तरी मी हे सहन करू शकतो" हे जे ते रुग्णांना शिकवत, तेच त्यांनी स्वतःला लावले. खाण्याचे नियम पाळत ते जगले २००७ सालापर्यंत, म्हणजे वयाच्या त्र्याण्णव वर्षांपर्यंत. विल्यम नॉस यांच्याबरोबर चालढकलीवर एक पुस्तकही त्यांनी १९७७ साली लिहिले होते. "मला जमणार नाही" आणि "मला सहन होणार नाही" या दोन वाक्यांवर चालढकल उभी असते, हे त्यांचे सांगणे मला रोजच्या अनुभवातून पटलेले आहे.

तेव्हा इच्छा होण्याची वाट पाहू नका. अर्धा तास चालायचे आहे ना? मनाला सांगा, फक्त पायात बूट घालून फाटकापर्यंत जायचे. तिथून परत यायची मुभा आहे. दहापैकी आठ वेळा तुम्ही परत येणार नाही.

ठरवावे कसे?

"मी व्यायाम करीन" हे ठरवणे नव्हे, ही नुसती सदिच्छा झाली. ब्रिटनमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४८ विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. पहिल्या गटाला काहीच सांगितले नाही. त्यातील ३८ टक्के विद्यार्थ्यांनी पुढच्या आठवड्यात व्यायाम केला. दुसऱ्या गटाला हृदयविकाराची माहिती देऊन व्यायामाचे महत्त्व पटवले. त्यातील ३५ टक्क्यांनी व्यायाम केला, म्हणजे माहितीने काहीच फरक पडला नाही! तिसऱ्या गटाला तीच माहिती दिली आणि शिवाय एवढेच लिहायला सांगितले की, मी अमुक वारी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी व्यायाम करीन. त्यातील ९१ टक्क्यांनी व्यायाम केला.

प्रत्येक प्रयोगात इतका मोठा फरक दिसत नाही, हेही सांगितले पाहिजे. पण नंतरच्या बऱ्याच अभ्यासांची दिशा हीच आहे. कळण्यापासून वळण्यापर्यंतचा पूल म्हणजे वेळ, जागा आणि कृती यांची गाठ. "जेव्हा हे घडेल, तेव्हा मी हे करीन" अशा साच्यात वाक्य बसवा.

"जेव्हा रात्रीचे जेवण झाल्यावर हात धुईन, तेव्हा रक्तदाबाची गोळी घेईन."

"जेव्हा ऑफिसात कोणी तंबाखूची पुडी पुढे करील, तेव्हा मी तोंडात लवंग टाकीन आणि जागेवरून उठेन."

"जेव्हा स्टेशनबाहेर येईन, तेव्हा रिक्षाच्या रांगेकडे न वळता चालू लागेन."

यात नवी वेळ काढावी लागत नाही. जुन्या सवयीच्या शेपटीला नवी सवय बांधायची असते.

एकट्याने ओढू नका

आपल्या रायगड जिल्ह्यात याचा एक मोठा अनुभव घरोघरी आहे. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारी यांनी १९४३ साली श्री बैठकीला सुरुवात केली. बैठकीला जाऊ लागल्यावर दारू सुटली, असे सांगणारी माणसे आपल्याकडे गावोगाव भेटतील. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा. पण आरोग्याच्या नजरेने पाहिले तर त्यात तीन गोष्टी ठळक दिसतात. ठरलेला वार आणि ठरलेली वेळ. त्याच वाटेने चाललेली माणसे शेजारी बसलेली. आणि आपण एक दिवस गेलो नाही तर कोणाच्या तरी ते लक्षात येते.

अमेरिकेत ओहायो राज्यातील अॅक्रन गावी १९३५ साली दारूच्या विळख्यात सापडलेला एक शेअरबाजारातला माणूस आणि एक डॉक्टर एकमेकांना भेटले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही चळवळ उभी राहिली. तिचीही रीत हीच: नियमित सभा, आपल्यासारखीच माणसे. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तिथेही उपचारांइतकेच महत्त्व आहे ते व्यसनातून बाहेर पडलेल्या मित्रांच्या सोबतीला.

या चळवळीने जगाला दिलेली एक युक्ती प्रत्येकाने उचलावी. जन्मभर पिणार नाही, अशी शपथ घ्यायची नाही. फक्त आजचा दिवस पिणार नाही, एवढेच म्हणायचे. जन्मभराचा डोंगर पाहून पाय गळतात, एक दिवस मात्र कोणालाही झेपतो. चालढकल करणारा माणूस "उद्यापासून, कायमचे" म्हणतो. सुधारणारा माणूस "आजच्यापुरते" म्हणतो.

किती दिवस लागतात?

एकवीस दिवसांत सवय लागते असे सर्रास सांगितले जाते. त्याला फारसा आधार नाही. लंडन विद्यापीठाच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतील असे दिसले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. तेव्हा बाविसाव्या दिवशी कंटाळा आला तर आपल्यात काही खोट आहे असे समजू नका.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट अधिक दिलासा देणारी आहे. मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा खंड पडत नाही. नुकसान होते ते चुकलेल्या दिवसाने नव्हे, तर "आता मोडलंच आहे तर जाऊ दे" या विचाराने.

चुकल्यावर स्वतःला फार बोल लावू नका. कॅनडात ११९ विद्यार्थ्यांवर केलेल्या २०१० सालच्या अभ्यासात दिसले की, पहिल्या परीक्षेच्या वेळी चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केले, त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी चालढकल केली. कारण सरळ आहे. अपराधाची बोच नकोशी वाटते, आणि नकोसे वाटले की मन टाळायला बघते. घसरलात? ठीक आहे. कपडे झटका आणि चालू लागा.

तिची चालढकल वेगळी

आता घरातल्या स्त्रीबद्दल. बायका दुखणे लांबणीवर टाकतात त्याचे कारण वेगळे असते. एक बाई पाळीच्या वेळी अतिशय रक्त जाते म्हणून आल्या. चेहरा पांढराफटक, जिना चढताना धाप. किती दिवस? दोन वर्षे. "आधी म्हटलं गणपती होऊ देत. मग दिवाळी आली. मग मुलीची दहावी. मग सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन." हिमोग्लोबिन निघाले सहा.

ही चालढकल नव्हे. घरातल्या सगळ्यांची रांग लावून ती स्वतः शेवटी उभी राहिली, आणि रांग संपेचना. अशा वेळी तिला "तू स्वतःकडे बघत नाहीस" असे म्हणणे म्हणजे तिच्यावरच ठपका ठेवणे. उपाय घरच्यांच्या हातात आहे. तिच्या तपासणीचा दिवस कॅलेंडरवर लिहा आणि त्या दिवशीचा स्वयंपाक दुसऱ्या कोणीतरी करा. स्तनात गाठ लागणे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणे, संबंधानंतर रक्त जाणे, या गोष्टींना तर सणवाराची सबब चालणारच नाही.

टाळू नये अशी काही दुखणी

तंबाखू खाणाऱ्यांनी आजच आरशासमोर उभे राहून तोंड उघडावे. आपलीच तीन बोटे उभी धरून दातांमध्ये जातात का ते पाहावे. जात नसतील, तिखट लागताच तोंडाची आग होत असेल, गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा तीन आठवडे न भरलेली जखम असेल, तर लगेच डॉक्टरांना किंवा दंतवैद्यांना दाखवावे. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला सापडला तर बरा होण्याची शक्यता चांगली असते. टाटा स्मारक केंद्राची मोठी संस्था तर आपल्या पनवेल तालुक्यातच, खारघरला आहे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११२-३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

मधुमेहाच्या उंबरठ्यावर असणाऱ्यांसाठी चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांचा अभ्यास सांगतो. उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांवर केलेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नुसते थांबून राहिलेल्यांपैकी ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांनी चालणे आणि आहार यांत बदल केला, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्क्यांच्या आसपास राहिले. म्हणजे बदलाने सगळे टळले नाही, पण शंभरातले सोळा जण त्या तीन वर्षांत तरी वाचले. त्यांत आपण असू शकतो.

आणि एक महत्त्वाची सूचना. कशातच रस वाटत नाही, झोप-भूक बिघडली आहे, आंघोळ करणेही जड वाटते, जगणे नको वाटते, असे दोन आठवड्यांहून अधिक चालले असेल तर ती चालढकल नव्हे. तो नैराश्याचा आजार असू शकतो. थायरॉइडची कमतरता आणि रक्तक्षय यांतही माणूस असाच गळून जातो. तिथे निश्चयाची नव्हे, उपचारांची गरज असते. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीतून बोलता येते.

आज रात्री झोपण्यापूर्वी

१. सर्वांत जास्त काळ टाळलेली आरोग्याची एकच गोष्ट कागदावर लिहा. दोन नको, एकच.

२. तिच्यातला पाच मिनिटांत होणारा पहिला तुकडा शोधा. जुना रिपोर्ट काढून ठेवणे, डॉक्टरांची वेळ घेणे, बूट दाराशी ठेवणे.

३. "जेव्हा... तेव्हा..." असे एक वाक्य लिहून भिंतीवर लावा.

४. घरातल्या एका माणसाला ते सांगा. गल्लीभर सांगू नका.

५. केलेल्या दिवसावर कॅलेंडरमध्ये खूण करा. लागोपाठ दोन दिवस कोरे राहू द्यायचे नाहीत, एवढाच नियम.

त्या गृहस्थांचे पुढे काय झाले? गंमत अशी की आता त्यांना चालायची खरी इच्छा झाली होती, आणि मला त्यांना सांगावे लागले की जखम भरेपर्यंत चालणे बंद. ते माझ्याकडे बघतच राहिले. पावणेदोन वर्षे पाय धड होते तेव्हा सोमवार उजाडला नाही, आणि आज पायच नाही म्हणत होता.

मग आम्ही दुसरी सुरुवात केली. गोळ्या आणि मलमपट्टी चालूच होती. त्यांनी करायचे ते इतकेच: रात्री जेवण झाल्यावर खुर्चीत बसून दोन्ही पाय बायकोला दाखवायचे. ती दिव्याखाली तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघायची आणि कॅलेंडरवर खूण करायची. चहातली साखर पुढच्या आठवड्यात गेली. जखम भरायला दोन महिने लागले. त्यानंतर आकाराने नीट, बंद बूट घेऊन ते संध्याकाळी स्टेशनापासून घरापर्यंत चालू लागले. पंधरा-वीस मिनिटांचे अंतर. रिक्षाचे पैसे वाचतात ते वेगळेच.

परवाच्या तपासणीत उपाशीपोटी साखर १२८ निघाली. पायाचा बधिरपणा काही गेलेला नाही, आणि तो पूर्ण जाईल असे मी त्यांना सांगितलेले नाही. त्या पावणेदोन वर्षांची ती किंमत आहे. पण अंगठा शाबूत आहे.

निघताना मी त्यांना सहज विचारले, "मग, कुठल्या सोमवारी सुरुवात झाली म्हणायची?"

ते हसले. "बुधवार होता, डॉक्टर. कॅलेंडरवर पहिली खूण बुधवारची आहे."